मिटिंगला येतात चौघं, ग्रुपवर बोलतात चाळीस

मागच्या अंकात कोहाउसिंगबद्दल ओझरतं लिहिलं होतं. म्हणजे घर प्रत्येकाचं वेगळं, स्वयंपाकघर पण वेगळं, पण मधे एक सामाईक घर, आठवड्यातून काही जेवणं एकत्र, आणि सगळा कारभार राहणाऱ्यांनीच मिटिंगा घेऊन चालवायचा. असं राहणारी माणसं गावाच्या, शहराच्या कामात पण जास्त पडतात असं म्हणतात, असं एक वाक्य जाता जाता टाकलं होतं, आणि त्या एका वाक्यावरच जास्त पत्रं आली. त्यातले काही प्रश्न खाली. नावं दिलेली नाहीत, कारण बऱ्याच जणांनी आपल्याच सोसायटीबद्दल लिहिलंय आणि उद्या त्याच लिफ्टमधून वर जायचंय.

प्रश्न : माझी मुलगी कॅलिफोर्नियात अशाच वसाहतीत राहते. इथे असताना मतदानाला सुद्धा उठायची नाही, आणि आता तिथल्या सिटी कौन्सिलच्या मिटिंगला जाऊन बोलते म्हणे. एकत्र राहिल्याने माणूस खरंच बदलतो, की तिथे जाणारी माणसं मुळातच तशी असतात? (निवृत्त शिक्षिका, पर्वरी)

बाई, प्रश्न अगदी नेमका विचारलात, आणि दोन्ही थोडं थोडं खरं आहे. हायडी बर्गग्रेन नावाच्या अमेरिकेतल्या राज्यशास्त्राच्या अभ्यासक आहेत, त्यांचा २०१७ साली यावरच लेख आला होता. अमेरिकेतल्या कोहाउसिंगमधे राहणाऱ्यांचा सर्वे घेऊन त्यांनी दाखवलं की वसाहतीच्या कामात जो जास्त गुंततो तो बाहेरच्या राजकारणात पण जास्त भाग घेताना दिसतो. पण सर्वेवरून दोन गोष्टी सोबत चालतात एवढंच कळतं, कुठली आधी आली ते कळत नाही. त्यात अमेरिकेतल्या या वसाहतींत राहणारे बहुतेक गोरे, भरपूर शिकलेले, हातात बऱ्यापैकी पैसा असलेले, आणि असे लोक कुठेही राहिले तरी मत द्यायला जातातच. त्यामुळे कोहाउसिंगमुळे लोकशाही फुलते वगैरे कोणी छातीठोकपणे सांगायला लागलं की मी जरा सावध होतो.

तरी तुमच्या मुलीच्या बाबतीत जे झालं त्याला कारण आहे आणि ते समजण्यासारखं आहे. ही कल्पना निघाली डेन्मार्कमधे. यान गुडमंड-होयर नावाचा आर्किटेक्ट १९६४ पासून मित्रमंडळी जमवून खटपट करत होता. १९६७ मधे बोडिल ग्रोए या बाईंनी पेपरात लेख लिहिला की प्रत्येक मुलाला शंभर आईबाप असायला हवेत, तो वाचून आणखी कुटुंबं जमली, आणि १९७२ मधे सेटेडामेन ही २७ घरांची वसाहत उभी राहिली. अमेरिकेत पहिली आली ती १९९१ मधे, कॅलिफोर्नियातच, डेव्हिस गावात, म्युअर कॉमन्स, २६ घरं. हे आकडे सांगतोय ते मुद्दाम. वसाहत एवढ्याच आकाराची ठेवतात, की प्रत्येकाला प्रत्येकाचं नाव माहीत असतं आणि कोण मिटिंगला आला नाही ते लगेच दिसतं.

आता अशा ठिकाणी समजा प्रश्न निघाला की सामाईक घरात कुत्रा आणायचा की नाही. ज्याला आणायचाय त्याने लिहून द्यायचं, काय हवंय, साफसफाई कोण करणार, ज्याच्या मुलाला अ‍ॅलर्जी आहे त्याचं काय. मग मिटिंग, मग दुरुस्ती, मग परत मिटिंग. यात तुमची मुलगी चार गोष्टी शिकते ज्या तिला कॉलेजात कोणी शिकवल्या नाहीत : म्हणणं कागदावर मांडायचं, खर्च विचारायचा, समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायचं, आणि हरायचं. हरणं सगळ्यात अवघड, कारण ज्याने तुमचा प्रस्ताव पाडला त्याच्याच सोबत गुरुवारी चाळीस माणसांसाठी कांदे चिरायला उभं राहायचं असतं. फेसबुकवर भांडून ब्लॉक करता येतं, इथे करता येत नाही. एवढं अंगात मुरलेला माणूस कौन्सिलच्या माइकसमोर घाबरत नाही, आणि तिथे न जाण्याचं बहुतेकांचं कारण घाबरणं हेच असतं, आळस नंतर.

प्रश्न : आमची फोंड्याजवळ कुर्टीला ३२ फ्लॅटची सोसायटी. ११ फ्लॅट बंद, मालक गल्फात नाहीतर मुंबईला. एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, चार डोकी, कोरम नाही म्हणून अर्धा तास थांबून परत तीच मिटिंग. ग्रुपवर मात्र रात्री बारापर्यंत टँकरच्या पैशावरून भांडण. तळमजल्यावरच्या एक आजी आहेत, त्या मिटिंगमधे एक शब्द बोलल्या नाहीत आणि नंतर लिफ्टकडे मला सांगतात की आमच्या नळाला सकाळी सातनंतर धारच नसते. कोहाउसिंगमधलं काही आम्हाला उचलता येईल का? (सोसायटीचा सेक्रेटरी)

भाऊ, येईल, पण एजीएमपासून सुरुवात करू नका. एजीएम म्हणजे कोणीतरी हिशोब वाचणार आणि बाकीच्यांनी घड्याळ बघायचं, तिथे चार आले हेच नवल. कोहाउसिंगमधे लोक मिटिंगला येतात कारण मिटिंगच्या आधी त्यांच्या हातात काहीतरी काम असतं. प्रत्येक मोठ्या माणसाने कुठल्यातरी एका गटात असायचं असा रिवाज आहे, बागेचा गट, जेवणाचा गट, दुरुस्तीचा गट, आणि त्या गटाला थोडे पैसे आणि त्या पैशापुरता निर्णय घ्यायची मोकळीक पण असते, उगाच प्रत्येक बल्ब सगळ्यांपुढे आणायचा नाही.

तुमच्याकडे एकच गट करा, पाण्याचा. ग्रुपवर सगळ्यात जास्त आवाज करणारे दोघे त्यात घ्याच. त्यांना एक वही द्या : टँकर किती वाजता आला, किती लिटरचा, पावती नंबर, टाकी उघडून कोणी बघितली, सरकारी नळाचं पाणी त्या दिवशी आलं का आणि किती वेळ. मे महिना सबंध ती वही त्यांनीच भरायची. पहाटे साडेपाचला टँकरवाल्यासाठी गेट उघडायला जो माणूस उठलाय तो रात्री बारा वाजता 'पैसे जातात कुठे' असं टाइप करत नाही, आणि दुसऱ्या कोणी केलं तर उत्तर तोच देतो, तुम्हाला द्यावं लागत नाही.

मग मिटिंग. प्रस्ताव आठ दिवस आधी, एक पान, सोप्या मराठीत किंवा कोंकणीत, नोटीस बोर्डावर आणि ग्रुपवर दोन्हीकडे. मिटिंग चालवणारा चेअरमन नको. चेअरमन स्वतःच प्रस्ताव मांडतो, स्वतःच त्याची बाजू लढवतो आणि स्वतःच 'चला, वेळ झाला' म्हणतो, हे बघितलं नाही असा माणूस गोव्यात सापडायचा नाही. दर वेळी वेगळा माणूस बसवा, त्याने आपलं मत द्यायचं नाही, फक्त पाळी सांभाळायची. आणि नियम एकच ठेवा : सगळे एकदा बोलून झाल्याशिवाय कोणी दुसऱ्यांदा बोलायचं नाही. गोल फिरत जायचं. त्या आजींची पाळी आली की त्या नळाचं बोलणारच, कारण पहिलं वाक्य बोलण्यासाठी कोणाला तोडावं लागणार नाही. आणि एकदा ती गोष्ट सगळ्यांसमोर आली की टँकरचा विषय पैशाचा राहात नाही, पाइपलाइनचा होतो, म्हणजे सोडवता येण्यासारखा होतो.

शेवटी प्रश्न काय विचारायचा ते पण महत्त्वाचं. 'सगळ्यांना पसंत आहे का' असं विचारलंत की ३२ घरांत कधीच हो येणार नाही. नेदरलँड्समधे कीस बूके या शिक्षकाच्या शाळेत मुलं आणि शिक्षक मिळून निर्णय घ्यायचे, त्याच शाळेत शिकलेल्या जेरार्ड एंडेनबर्गने पुढे ती पद्धत आपल्या इलेक्ट्रिकल कंपनीत बसवली आणि आता बऱ्याच कोहाउसिंगवाल्यांनी ती उचललीय. तिथे विचारतात की हे सहा महिने करून बघायला कोणाचा आक्षेप आहे का, आणि असेल तर त्याने वसाहतीचं नेमकं काय बिघडेल. आवडत नाही हा आक्षेप नव्हे. काही ठिकाणी रंगीत कार्डं पण वापरतात, हिरवं म्हणजे चालेल, पिवळं म्हणजे शंका आहे, लाल म्हणजे अडवतोय, आणि लाल दाखवणाऱ्याला घरी जाता येत नाही, त्याने पर्याय शोधायला सोबत बसायचं असतं. हे कार्डाचं प्रकरण आपल्याकडे पहिल्या मिटिंगला हसण्यावारी जाईल, जाऊ दे, मुलांना करायला सांगा कार्डं. फक्त एक लक्षात ठेवा, कायद्याने जो ठराव लागतो तो बायलॉजप्रमाणे मत घेऊन मिनिट्समधे आलाच पाहिजे, हे सगळं त्याच्या आधीचं आहे.

तुम्ही पत्रात शेवटी विचारलंय की त्यापेक्षा एखादी फॅसिलिटी कंपनी नेमून मोकळं व्हावं का. नेमा हवं तर, पण स्वीडनचं एक उदाहरण सांगतो. १९३५ मधे स्टॉकहोममधे स्वेन मार्केलियस हा आर्किटेक्ट आणि आल्वा म्युर्डाल यांच्या कल्पनेतून एक इमारत झाली, खाली रेस्टॉरंटचं किचन, वर फ्लॅट, आणि जेवण छोट्या लिफ्टने थेट तुमच्या मजल्यावर. नोकरी करणाऱ्या बायकांची सोय म्हणून उत्तमच, काळाच्या फार पुढे. पण काम सगळं पगारी माणसांचं, राहणारे नुसते गिऱ्हाईक. पुढे सत्तरच्या दशकाच्या शेवटी स्वीडनमधल्याच बायकांच्या एका गटाने उलटं मांडलं, की काम विकत घेऊ नका, मिळून करा, वेळ पण वाचेल आणि माणसं पण जोडली जातील, आणि आजची स्वीडिश सामूहिक घरं बरीचशी त्या वाटेने गेली. माझं मत विचाराल तर शेजारी राहून कोणी नागरिक होत नाही, आणि एकत्र जेवूनही नाही. जे काम अंगावर आहे आणि टाळता येत नाही ते मिळून करण्यातून होतो. आपल्याकडे गावागावात जत्रेला मराठी नाटक उभं राहतं, त्यात पडदे भाड्याने आणणं, वर्गणी, तालमीला कोणाचा हॉल, कोणाला कुठला पार्ट यावरून रुसवे, हे सगळं गावकरी स्वतः निस्तरतात, आणि जरा आठवून बघा, पंचायतीला उभे राहणारे कितीतरी लोक त्याच मंडळातून वर आलेले असतात.

आणि हे गेटच्या आत राहिलं तर अर्धंच. तुमची सोसायटी पंचायतीत येते, म्हणजे तुम्हाला ग्रामसभा आहे. गोव्यात वर्षात चार साध्या ग्रामसभा, त्या रविवारी, शिवाय २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १९ डिसेंबरच्या निमित्ताने खास ग्रामसभा. पण ग्रामसभेचा सभासद तोच, ज्याचं नाव त्या पंचायतीच्या मतदार यादीत आहे, आणि फ्लॅटवाल्यांची नावं अजून माहेरच्या नाहीतर जुन्या घराच्या यादीत पडून असतात. मतदार यादीतला पत्ता बदलायचा फॉर्म ८ भरून नाव इथे आणा. मग पाण्याच्या वहीची झेरॉक्स घेऊन पाण्याच्या गटातले दोघे ग्रामसभेत जाऊ देत, तुम्ही नको, तुम्हाला भरपूर काम आहे.

प्रश्न : आम्ही बार्देशातले गावकार, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांतले. कोमुनिदाद ही गावकारांची संस्था आमच्याकडे पोर्तुगीज यायच्या आधीपासून आहे, जमीन सामाईक, निर्णय मिळून. डेन्मार्कवाल्यांकडून आम्ही काय शिकायचं? (एक वाचक)

अभिमान बरोबर आहे तुमचा. १५२६ मधे अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने जो फोरल, म्हणजे सनद, काढला त्यात त्याने नवं काही दिलं नाही, गावकारांचे जे रिवाज आधीपासून चालू होते तेच लिहून घेतले. आणि त्या कारभाराच्या मुळाशी परत कामच होतं. खाजन शेतीचा, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीचा, बांध फुटला की खारं पाणी एकट्याच्या शेतात शिरत नाही, सगळ्यांच्या शिरतं, म्हणून बांध, मानस (पाणी आत-बाहेर सोडायचं दार), पाण्याची वेळ, सगळं मिळूनच ठरवायला लागायचं. शेतं लिलावाने द्यायची, त्या उत्पन्नातून बांध, देऊळ, गावाची कामं, आणि उरलं त्यातून जोण, म्हणजे गावकारांचा वाटा.

पण दोन फरक आहेत. एक म्हणजे तिथे शिरायचं जन्माने, आणि ते पण मुलाच्या जन्माने. गावकाराची मुलगी नाही, दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा मुंडकार नाही, शेत कसणारा कूळ पण नाही. लोकशाही शिकायची शाळा असेल, पण पटावर अर्धा गाव नव्हताच. कोहाउसिंगमधे निदान भाडेकरू पण मिटिंगला बसतो, जरी तिथे शिरायला पैसा लागतो ही वेगळी भिंत आहे आणि ती पण काही लहान नाही. दुसरा फरक आपल्या काळातला. कूळकायद्यानंतर बांध सांभाळायचं काम कुळांच्या संघटनांकडे गेलं, आणि कोमुनिदादकडे उरला तो मुख्यतः जमिनीचा विषय, प्लॉट कोणाला, अतिक्रमण कोणाचं. काम गेलं आणि मालमत्ता राहिली की मिटिंगचा सूर बदलतोच, यात गावकारांचा दोष आहे असं मी म्हणत नाही. तुमच्या गावात खाजनाचा बांध अजून धरून असेल तर तो कोण बघतं, कोणाकडून पैसे येतात, एवढं एकदा विचारून बघा, डेन्मार्कपेक्षा जवळचं आहे.

प्रश्न : आम्ही पाच कुटुंबं, सगळे पस्तिशीच्या आसपास, म्हापशाजवळ जमीन घेऊन असंच राहायचा विचार करतोय. आधी काय ठरवावं? (म्हापसा)

आधी ठरवा की सोडून कसं जायचं. हे सगळ्यांना अपशकुनी वाटतं आणि म्हणून कोणी बोलत नाही. एकाची बदली झाली, एकाचा घटस्फोट झाला, एकाला भाव बरा मिळतोय म्हणून दिल्लीवाल्याला विकून सुट्टीचं भाड्याचं घर करू द्यायचंय, तेव्हा काय? किंमत कोण लावणार, बाकीच्यांना पहिला हक्क किती दिवस, हे कागदावर आणि वकिलाकडून. जमीन कुठल्या झोनमधे आहे ते टाउन अँड कंट्री प्लॅनिंगच्या ऑफिसात जाऊन स्वतः बघा, एजंट म्हणाला 'कन्व्हर्जन होतं' म्हणून नको. शेताला तर हात लावू नका, गावातली दहा माणसं त्यावरूनच तुमच्याविरुद्ध उभी राहतील आणि ती बरोबर असतील.

शेजाऱ्यांना पण आधी भेटा. गुडमंड-होयरच्या गटाने साठच्या दशकात कोपनहेगनच्या बाहेर हारेस्कोव्ह इथे जमीन घेतली होती, प्लॅन तयार, सगळं तयार, आणि आजूबाजूच्यांनी विरोध केला म्हणून तो बेत सोडून द्यावा लागला. सामाईक जीवनाचं स्वप्न बघणाऱ्यांना पहिला धडा शेजाऱ्यांनी दिला, गंमतच आहे. तुम्ही पाच कुटुंबं बाहेरून आलात, उंच कंपाउंड घातलं, बोअरवेल मारली आणि आत छान छान मिटिंगा घेतल्या तर वाड्यावरच्यांच्या, म्हणजे गावाच्या त्या भागातल्या लोकांच्या, दृष्टीने तुम्ही आणि गेटेड कॉम्प्लेक्स यात काडीचा फरक नाही. विहीर असेल तर ती वाड्याला पण मोकळी ठेवता येईल का ते बघा, सामाईक हॉल बांधाल तर चवथीच्या आधी वाड्यावरच्या भजनी मंडळाला तालमीला द्या. पैसे मागू नका त्याचे.

प्रश्न : एकत्र जेवण म्हणजे शेवटी बायकांनीच रांधायचं ना? (साखळी)

रीतसर पाळी लावली नाही तर हो, शंभर टक्के. म्हणून तिथे पाळी माणसावर असते, घरावर नाही. नवऱ्याचं नाव वेगळं, बायकोचं वेगळं. घरावर पाळी लावली की 'आज आमची पाळी' म्हणणारा पुरुष आणि पोळ्या लाटणारी बाई हे ठरलेलं. ज्याला येत नाही त्याने भांडी घासायची, हिशोब ठेवणं हे काम म्हणून धरायचं नाही, कारण ते काम पुरुष फार आवडीने घेतात. आणि मिटिंग रात्री साडेसातला ठेवू नका, त्या वेळी घरात कोण अडकलेलं असतं ते तुम्हाला माहीतच आहे.

प्रश्न : मी भाड्याने राहतो, ताळगावला. सोसायटीत माझं कोणी ऐकत नाही, मत पण नाही. मग मी कशाला कचरा वेगळा करू? (एक वाचक)

मत सभासदालाच, ते बरोबर आहे, पण चर्चेत बोलू द्यायला बऱ्याचदा कोणाची हरकत नसते, फक्त विचारलेलं नसतं. सेक्रेटरीला दोन ओळी लिहून द्या की पुढच्या मिटिंगला बसायचंय, आणि घरमालकाला सांगा की त्याला यायला जमणार नसेल तर नोटीस तुम्हाला फॉरवर्ड करत जावी. कचऱ्याचं म्हणाल तर ओला-सुका वेगळा कराच, तो सोसायटीसाठी नाही. सकाळी तुमच्या दारातून डबा उचलणाऱ्या माणसाचा हात त्यात जातो.